मालगाडीच्या वाघिणीचं (वॅगनचं) पोटाखालचं दार कोळसा भरलेला असतानाही सहज उघडतं कसं? (ट्रॉलीसाठी मदत हवी)

वेल्डिंगवाला_वणी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, शटर, ट्रॉल्या, जे येईल ते. सध्या एका गिऱ्हाइकाची ट्रॅक्टर-ट्रॉली हातात आहे. त्याला मागून उलटणारी ट्रॉली नको. त्याचं काम शेडमध्ये चालतं, डाला वर उचलला की पत्र्याला लागतो. त्याला तळातून उघडणारी ट्रॉली हवी, चालता चालता गिट्टी खाली ओळीत पडली पाहिजे. लोड साधारण ३ टन.

तळाला दोन कवाडं केली, बिजागऱ्या बाहेरच्या कडेला, मधोमध मिटतात. मिटल्यावर धरायला एक जाड कडी आणि ती ओढायला लांब दांडा. रिकामी असताना मख्खन. भरल्यावर दांडा हलेचना. सगळं वजन त्या कडीवरच बसतं, ती घासूनच एवढी धरते की दोन माणसं लटकली तरी ढिम्म. शेवटी घणानं ठोकली, तेव्हा सुटली ती एकदम धडाम. पोऱ्या बाजूला उभा होता म्हणून वाचला. कडी वाकून केळं झालं.

आता माझा प्रश्न. आमच्याकडून रोज कोळशाच्या गाड्या जातात. त्यातल्या काही वाघिणी तळातून उघडतात म्हणे. साठेक टन कोळसा दारावर बसतो, तरी तिथं कोणी घण घेऊन उभं असलेलं दिसत नाही. ते कसं काय जमवतात?

---

शंकासुर | सोमवार, रात्री १०:०५

घणाचा फोटो टाका.

---

सी_शिफ्ट | सोमवार, रात्री ११:२०

तुम्ही म्हणता त्या बॉबर वाघिणी. कागदावर बीओबीआरएन. मी एका औष्णिक केंद्राच्या कोल हँडलिंगमध्ये आहे, त्यामुळे दर शिफ्टला त्यांचं तोंड (म्हणजे पोट) बघते. जे दिसतं तेवढं सांगते.

रुळाखाली एक लांबलचक खड्डा असतो, वरून जाळी. त्याला ट्रॅक हॉपर म्हणतात. गाडी त्याच्यावरून सरकते. वाघिणीवर हवेची टाकी असते आणि दार हलवायला सिलिंडर. हवा सोडणारा व्हॉल्व्ह हातानं बटण दाबून चालवता येतो, किंवा रुळाच्या कडेला बसवलेल्या विजेच्या पट्टीला वाघिणीची पट्टी घासली की आपोआप चालतो. हॉपरवर आली की उघड, पुढे गेली की मीट.

आवाज सांगते, कारण तुम्ही कारागीर आहात. आधी "फुस्स", मग एक कोरडा "खट्" आणि त्यानंतर कोळशाचा धबधबा. घण नाही, लटकालटकी नाही. तो "खट्" महत्त्वाचा आहे, पण तो कसला, हे गाडी तपासणारी माणसं जास्त नीट सांगतील. आमचं काम खालचं. जाळीखाली पॅडल फीडर फिरतात, ते कोळसा ओढून पट्ट्यावर टाकतात.

आणि हो, घण नाही म्हटलं ते उन्हाळ्यातलं. पावसाळ्याचं वेगळं सांगेन.

---

निवृत्त_टीएक्सआर | मंगळवार, सकाळी ६:१५

तो "खट्" गुडघ्याचा.

वणीकर, लहानपणी रांगेत उभ्या असलेल्या दोस्ताच्या गुडघ्यामागे हळूच गुडघा मारलाय का कधी? मारला असणारच. शंभर किलोचं पोतं डोक्यावर घेऊन हमाल उभा असतो, पाय ताठ, वजन हाडावरून थेट जमिनीत. स्नायूला काम नाही. मागून टिचकी मारली की अख्खा माणूस खाली. टिचकीला जोर किती लागला? काहीच नाही. बॉबरच्या दाराचं कुलूप हेच आहे.

दार आणि वाघिणीची फ्रेम यांच्यामध्ये दोन दांडे असतात, मधे पिनेचा सांधा. दांडे सरळ रेषेत आले की कोळशाचं वजन दांड्यांच्या लांबीतून जातं, सांध्याला ढकलत नाही. नुसतं सरळ ठेवून मात्र भागत नाही. गचका बसला की सांधा कुठल्याही बाजूला जाईल. म्हणून तो सरळ रेषेच्या जरा पलीकडे नेतात आणि तिथं टेकू देतात. आता वजन जितकं जास्त, तितका सांधा टेकूवर घट्ट दाबला जाणार. कोळसाच दाराला कुलूप घालून बसतो. आम्ही याला ओव्हर-सेंटर म्हणायचो.

तुझी कडी उलटी आहे, पोरा. तिच्यावर वजन जितकं जास्त, तितकं घर्षण जास्त, म्हणून ती सुटत नाही. इकडे घर्षणाशी भांडायचंच नाही. सिलिंडरनं फक्त सांधा रेषेच्या अलीकडे आणायचा, पुढचं काम वजन करतं.

लोकांना वाटतं की हवेनं दार धरलेलं असतं, हवा गेली की कोळसा रुळावर. तसं नाही. हवा फक्त उघडायला आणि मिटायला. गाडी दोन दिवस यार्डात पडून टाकी रिकामी झाली तरी दार जागचं हलत नाही.

घरातलं उदाहरण हवं असेल तर जेवणाच्या डब्याच्या बाजूची कळ बघ. दाबताना मधे जड लागते आणि मग स्वतःच "टक्" करून बसते.

---

वेल्डिंगवाला_वणी | मंगळवार, सकाळी ७:०२

काका, डब्याची कळ दहा वेळा उघडमीट करून बघितली. बायको विचारते काय झालं म्हणून. 🙏 समजलं. पण सांधा रेषेपलीकडे किती न्यायचा? आणि परत आणायला जोर किती लागेल? माझ्याकडे हवा नाही, हाताचा दांडाच आहे.

---

निवृत्त_टीएक्सआर | मंगळवार, सकाळी ११:३०

बाजारातून आलो. हिशेब कर.

दोन्ही दांडे सारखे धरू. प्रत्येक दांडा सरळ रेषेपासून ५ अंश कलला असेल आणि दांड्यातून १ टन जोर जात असेल, तर सांधा जागेवर धरायला किंवा हलवायला साधारण १७५ किलो लागतात. २ अंशाला ७० किलो. १ अंशाला ३५. रेषेजवळ गेलं की सगळं हलकं, तीच तर गंमत.

म्हणून फार पलीकडे नेऊ नकोस, उघडताना जड जाईल. फार कमी ठेवलंस तर रस्त्याच्या धक्क्यानं सुटेल. दांडे ३०० मिमीचे असतील तर २ अंशाला सांधा रेषेपासून साडेदहा मिमी पलीकडे बसतो. टेकूला बोल्ट आणि चेकनट लाव, म्हणजे कमीजास्त करता येईल. वेल्ड करून ठोकळा लावू नकोस, पस्तावशील.

आणखी एक आकडा, हा कोणी सांगत नाही. त्याच मापात सांधा पूर्ण सरळ होताना दोन टोकांतलं अंतर किती वाढतं? ०.३७ मिमी. एवढंच. त्या पाव-अर्ध्या मिलिमीटरवर तुझ्या दाराचा घट्टपणा. पिना ढिल्या बसवल्यास आणि प्रत्येक भोकात अर्धा मिमी खेळ राहिला, तर तो घट्टपणा तिथंच संपला. ड्रिलनं भोक पाडून थेट पिन टाकू नकोस. बुश घाल, ग्रीस निपल दे.

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी १:१०

एक बाळबोध शंका. एवढं सगळं पोटाखाली घेऊन फिरण्यापेक्षा वाघीण सरळ उलटी का करत नाहीत? आमच्या इथं करतात तसं.

---

सी_शिफ्ट | मंगळवार, दुपारी ३:४५

करतात की. त्या बॉक्स-एन, साधा उघडा डबा. त्याला वॅगन टिपलर लागतो. एकेक वाघीण यंत्रात घालायची, पकडायची, कुशीवर उलटायची, परत सरळ करायची. आपल्याकडचे कपलर फिरत नाहीत, त्यामुळे वाघिणी सोडवून आत ढकलाव्या लागतात. बॉबरची गाडी अख्खी जोडलेली राहते, हॉपरवरून चालत जाते आणि मोकळी होते.

पण शंका बाळबोध नाही. बॉक्स-एनचं स्वतःचं वजन २२.४७ टन, बॉबर-एनचं २५.६. म्हणजे दार, उतार, सिलिंडर, दांडे धरून वाघिणीमागे ३.१३ टन लोखंड जास्त. ५८ वाघिणींची गाडी धरली तर १८० टनांहून अधिक. मूळ आखणीत दोघींचंही भरलेलं वजन ८१.२८ टनच धरलेलं, म्हणजे तेवढा कोळसाच कमी. शिवाय परतीला बॉबर रिकामीच येते, तिच्यात दुसरा माल कोण भरणार? बॉक्स-एन काहीतरी घेऊन तरी येते.

म्हणून खाण आणि केंद्र जवळ, गाडी दिवसभर तेवढ्याच मार्गावर गोल फिरणार, अशा ठिकाणी बॉबर शोभते. एनटीपीसीनं सिंगरौली, कोरबा, रामागुंडमला स्वतःच्या लाइनी टाकल्या त्या याच हिशेबानं. मेरी-गो-राउंड म्हणतात त्याला, जत्रेतल्या पाळण्यासारखं.

---

दूरदेशी_डर्बी | मंगळवार, रात्री ११:५०

मेरी-गो-राउंड ऐकून राहवलं नाही. हे नाव आणि पद्धत इकडची. ब्रिटिश रेल्वेनं १९६० च्या दशकात सुरू केली. एचएए नावाच्या दोन आसांच्या हॉपर, म्हणजे तळातून रिकाम्या होणाऱ्या, वाघिणी, प्रत्येकीत साडेबत्तीस टन कोळसा. त्यांच्या दाराला हवा लागत नव्हती आणि वीजही. वाघिणीच्या बाजूला एक दांडा असायचा. रुळाच्या कडेला एक यंत्र उभं, गाडी त्याच्या पुढून जाताना ते दांड्याला पकडून फिरवायचं आणि दार उघडायचं. थोडं पुढे दुसरं यंत्र तोच दांडा उलटा फिरवून दार मिटायचं. त्या यंत्रांना कामगार "डालेक" म्हणत, एका टीव्ही मालिकेतल्या ठेंगण्या यंत्रराक्षसांवरून. 😀

गाडी ताशी अर्धा मैल वेगानं जायची. माणूस चालतो त्याच्या सहाव्या भागानं म्हणा. एवढ्या हळू चालवायला इंजिनातही वेगळी सोय करावी लागली.

माझ्या घरापासून जवळच रॅटक्लिफचं केंद्र. या देशातलं शेवटचं कोळशावरचं. ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. केंद्र ट्रेनमधून दिसतं, खाली गाडी काही येत नाही.

वणीकर, तुमच्या कामाची गोष्ट अशी की उघडणारा दांडा वाघिणीवर आणि जोर लावणारं यंत्र जमिनीवर, असंही करता येतं. ट्रॉली नेहमी एकाच शेडमध्ये रिकामी होणार असेल तर जमिनीत एक खुंटी पुरा, बस्स.

---

वेल्डिंगवाला_वणी | बुधवार, सकाळी ८:२०

डर्बीकर, खुंटीची आयडिया भन्नाट. पण गिऱ्हाईक चार ठिकाणी फिरतं. दांडाच बरा.

---

खडीवाला | बुधवार, सकाळी ९:१५

सगळे कोळशावर बोलून राहिले, आणि वणीकराला टाकायची आहे गिट्टी! मी रुळांच्या गँगमध्ये आहे. आमच्याकडे गिट्टीच्या वाघिणी येतात, बीओबीवायएन. तीपण हॉपरच. पण तिच्या दाराला चाक असते हाताचे. माणूस वर उभा राहून चाक फिरवते, आत गिअर असते, दार तेवढेच उघडते जेवढे फिरवले. मधातला माल मधात, बाजूचा बाजूला, जिथं पाहिजे तिथं.

का? तर बॉबरचं दार म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. खट् झालं की पूर्ण पोट रिकामं. खाली खड्डा आहे म्हणून चालते. आम्ही तसं केलं तर एकाच जागी ढीग, रुळ बुजले, मागची चाकं चढली गिट्टीवर, झाली गाडी घसरली. आम्हाला पातळ थर पाहिजे, गाडी चालत असताना.

तुमचं गिऱ्हाईक म्हणते ओळीत पडली पाहिजे. मग टॉगल, म्हणजे काकांचा तो गुडघा, कशाला लावता? विचारा त्याला, थर पाहिजे का ढीग.

---

निवृत्त_टीएक्सआर | बुधवार, सकाळी १०:००

खडीवाले, बरोबर बोललात. हे मी विचारायला हवं होतं.

---

वेल्डिंगवाला_वणी | बुधवार, दुपारी २:३०

विचारलं. त्याचं उत्तर: "ढीग झाला तरी चालते, लांबट ढीग झाला पाहिजे." म्हणजे ट्रॅक्टर चालवत एका दमात रिकामी. टॉगल चालेल असं वाटतं. चाक-गिअर केलं तर खर्च तो देणार नाही.

---

सी_शिफ्ट | बुधवार, रात्री १०:४०

पावसाळ्याचं राहिलं होतं.

जुलैत कोळशाबरोबर माती येते. आपल्याकडची काळी माती ओली झाली की काय होते हे विदर्भात कोणाला सांगायला नको. दार उघडतं, "खट्" होतं, आणि काहीच पडत नाही. आत कोळशाची कमान धरते. दोन बाजूंच्या उतारावर टेकून ती पुलासारखी उभी राहते, खाली पोकळी. टॉर्च मारली की खालून काळी छत दिसते, पाणी ठिबकत असतं.

मग माणसं पहार घेऊन. वरून टोचतात, बाजूनं पत्र्यावर घण. (शंकासुर, हा घ्या तुमचा घण.) वाघिणींच्या पत्र्यावरचे पोचे बघा, प्रत्येक पोचा एकेका पावसाळ्याचा. नियम असा की कमान धरली असेल तर खाली डोकं घालायचं नाही आणि वर पाय ठेवायचा नाही. तीस सेकंद शांत बसलेली कमान एकतिसाव्या सेकंदाला येते.

दुसरं म्हणजे मिटताना. जबड्यात मुठीएवढा ढेकूळ अडकला की दार बोटभर उघडं राहतं. सांधा रेषेपर्यंत पोहोचतच नाही. लांबून बघणाऱ्याला दार मिटलेलं दिसतं, पण कुलूप बसलेलं नसतं. अशी वाघीण परत खाणीवर जाऊन भरली की वाटेत काय होईल ते सांगायला नको. म्हणून गाडी निघण्याआधी दोन्ही बाजूंनी चालत जाऊन प्रत्येक सांधा बघायचा. दार नाही, सांधा बघायचा.

---

निवृत्त_टीएक्सआर | गुरुवार, सकाळी ६:३०

शेवटची दोन वाक्यं वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेव, वणीकर.

आम्ही हातोडीनं टेकूवर टकटक करायचो. सांधा टेकूला भिडलेला असेल तर भरीव आवाज, फट असेल तर खुळखुळ. पहाटे टॉर्चपेक्षा कान बरा.

---

वेल्डिंगवाला_वणी | रविवार, रात्री ८:१०

केली!! दांडे ३०० चे, २५ मिमी पिना, बुश घातले, टेकूला बोल्ट. भरून बघितली. दांडा एका हातानं ओढला, "खट्", आणि ३ टन गिट्टी खाली. पोऱ्या म्हणतो परत करा.

पण एक लोचा झाला. रिकामी ट्रॉली घेऊन परत येताना रेल्वे फाटकाच्या गचक्याला दार आपोआप उघडलं आणि रस्त्यावर घासत आलं. भरलेली असताना चार किलोमीटर खराब रस्त्यानं गेली, काही झालं नाही. रिकामीच कशी उघडली?

---

निवृत्त_टीएक्सआर | रविवार, रात्री ८:५५

अभिनंदन, आणि वाटच बघत होतो.

कुलूप कोणी घातलं होतं? मालानं. माल गेला, कुलूपवाला गेला. आता सांध्याला टेकूवर दाबून धरायला दाराचं स्वतःचं वजन तेवढं. गचक्यानं दार क्षणभर वर उसळलं, दांड्यांवरचा जोर शून्य झाला आणि सांध्याला मोकळं रान मिळालं. म्हणूनच बॉबरला ओव्हर-सेंटरशिवाय आणखी एक कुलूप असतं, दुसऱ्या टप्प्याचं. ते वजन पेलत नाही. सांधा उलटा फिरू देत नाही, एवढंच त्याचं काम.

तू तुझी वाकलेली कडी फेकलीस का? नसेल तर सरळ कर आणि दाराला नाही, सांध्याला लाव. तिथं तिच्यावर वजन नाही, त्यामुळे बोटानं उघडेल. उघडताना आधी कडी, मग दांडा. आणि सांध्याला एक स्प्रिंग दे टेकूच्या दिशेनं ओढणारी. मोटरसायकलच्या साइड स्टँडची जुनी चालेल.

---

शंकासुर | रविवार, रात्री ९:२०

साइड स्टँडपण तेच तत्त्व ना? मधे जड, दोन्हीकडे टक्. आज इतक्या वर्षांनी कळलं.

---

निवृत्त_टीएक्सआर | रविवार, रात्री ९:२५

तेच. स्प्रिंग मध्यरेषा ओलांडते.

---

वेल्डिंगवाला_वणी | बुधवार, रात्री ९:५०

कडी सांध्याला लावली, साइड स्टँडची स्प्रिंग पण. त्याच फाटकावरून मुद्दाम सहा वेळा रिकामी नेली. गेटमनला वाटलं डोकं फिरलं. दार जागचं हललं नाही.

आज एकदा मिटताना गिट्टीचा खडा जबड्यात अडकला. दांडा अर्ध्यावर थांबला, कडी बसेचना. ताईंनी सांगितलं होतं ते आठवलं. कडी बसत नाही म्हणजे सांधा पोहोचला नाही, हे त्यामुळे आपोआपच कळते. कवाडांच्या कडेला रबर लावू का? जुना कन्व्हेयरचा पट्टा आहे पडलेला.

---

सी_शिफ्ट | बुधवार, रात्री १०:३०

एकाच कवाडाला लावा, आणि दुसऱ्याच्या कडेवर चढेल असा. दोन्हींना लावलं तर रबर रबरावर दाबलं जाईल आणि काकांचे ते ०.३७ मिमी तिथंच खर्ची पडतील.

---

खडीवाला | गुरुवार, सकाळी ७:४०

दुसरी ट्रॉली करशील तेव्हा चाकवाली कर. गिअर मी पाहून देतो, भंगारात भेटते.